यादीतले बारा पाळणे

चंद्राक्का कुठल्याबी बाईसंगं बोलायच्या आदी तिच्या लेकराचं तोंड हुंगायची. माजी आन तिची पैली गाट बी तशीच झाली. मी सांगलीकडच्या गिरणीत लागून चारच दीस झालं व्हतं, आमचं खातं कांड्यांवर सूत भरायचं, सगळ्या बायाच, आन आक्का आमची नायकीण, म्हंजे मुकादमच म्हना. माजं पोरगं चार म्हयन्याचं, नवरा विट्याच्या गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायला मद्रासला गेलेला, घरात दुसरं मानूस न्हाई, म्हनून मी बी बाकीच्या बायांसारकं पोराला अफूची बारकी गोळी चाटवायची आन सुताच्या पाटीत घालून मशिनीमागं सारायची. आक्का आली, वाकली, पोराचं तोंड हुंगलं आन मला इचारलं, "झोपलंय का निजवलंय?"

मला रडूच फुटलं, मला तसं बी कशाचंबी लगीच भ्या वाटतं. ती रागावली न्हाई. म्हनली, "माजं बी असंच निजवलं व्हतं. ते उटलं न्हाई." आन तुटलेला धागा जोडून पुढच्या मशिनीकडं गेली.

त्या दिसापास्नं गोळी बंद केली, तर पोरगं पाटीत आरडायचं आन माजा जीव वरखाली. पन गिरणीचा मालक शेठ कानाडोळा करायचा. मग शेठच बुडाला, गिरणीला कुलूप लागलं, आमी लय दीस घरात बसून काडलं, आन मग सरकारनंच गिरणी चालवायला घेतली. गेटावर गडीमानसं वाद घालायची, सरकार किती दीस चालवनार, सरकारला काय कळतंय सुतातलं. आक्का पान लावत ऐकायची. म्हनायची, "गाय भाकड झाली की शेठ इकतो. सरकारला इकायला बी येत न्हाई, सही कोन करनार?"

पन सरकारी सायेब आला त्यो कायदा घिऊनच आला. त्यानं सांगितलं, खात्यात लेकरू दिसलं की बाई घरी. मशिनीजवळ लेकरू धोक्याचं, हे खरंच हाय, पन मग माजं पोर मी कुटं ठेवू? शेजारीण म्हनली, गोळी दे आन घरात कोंडून ये, सगळ्या तेच करत्यात. मी त्या सांजंला गोळी इकत आनली. दिली न्हाई, पन पदराला बांधून ठिवली.

दुसऱ्या दिशी सायबानं शेठकडची मालाची यादी वाचून घेतली. मशिनी किती, पट्टं किती, तेलाचं डबं किती. आन त्यात निगालं, पाळणाघर एक, पाळणं बारा. सगळ्या बाया हासल्या. कायद्यासाटनं शेठनं नुसतं कागदावर लिवल्यालं, त्या खोलीत रद्दी कापूस भरल्याला. सायेब म्हनला, उद्या तपासू, नसलं तर खोडून टाकू.

आक्का एकटीच हासली न्हाई. ती आमास्नी म्हनली, "शेठला तोंड व्हतं, त्याच्यासंगं भांडता यायचं. सरकारला तोंड न्हाई, कागद हाय. खोडायच्या आदी पाळणं पायजेत."

सकाळी पाळी लागायच्या आदी आमी कापूस भाईर काडला, वरच्या वाशांना लुगडी बांधून झोळ्या केल्या. अकरा झाल्या. बारावी माजी, आन माज्याकडं अंगावरचं लुगडं आन एक लग्नातलं हिरवं, ते काय मी आनलं न्हवतं. आक्कानं पिशवीतनं पांढरं लुगडं काडलं. धम्माची दीक्षा घेतली तवा नेसल्यालं, पुन्यांदा कवा नेसली न्हाई ती. मी नगं म्हनलं तर तिची गाट मारून बी झाली. वर म्हनली, तिसरी शिकलीयास न्हवं, लाल रंगानं आकडं घाल, सरकारला आकडा लागतो. माजा हात असा कापत व्हता की बारातल्या दोनाचं शेपूट वाकडं खालपातूर गेलं.

सायेब आला. म्हनला, "बाई, हे पाळणे?"

आक्का म्हनली, "सायेब, लेकरू निजतंय त्यो पाळणा. ह्यात निजलंय का न्हाई बगा."

त्यो माज्या झोळीवर वाकला आन पोरानं झोळीतनंच त्याच्या बुटावर मुतलं. मला वाटलं गेली नोकरी. सायेबानं बूट झटकला आन कारकुनाला सांगितलं, "लिहा. पाळणे बारा, कापडी."

मी पदराची गोळी सोडली आन मोरीत टाकली.

मग आक्का आमास्नी सांगायची, सरकारच्या यादीत गेल्याली वस्तू मरत न्हाई. झोळ्या सांबाळाय एक म्हातारी बी मिळाली सरकारकडनं. वरसातनं एकदा कारकून यायचा, आकडं बगून खुना करून जायचा. गिरणी बंद पडनार म्हनून आवई उटली की बाया घाबरायच्या, सगळ्यांच्या आदी मी. आक्का म्हनायची, "मोजाय येत्यात तंवर चालतीया. मोजाय आलं न्हाईत की मग रडा."

औंदा आक्का गेली. दोन दिसाचा ताप. तिच्या सुनंनं सांगितलं, सासूबाईस्नी पांढरं लुगडं घालाय पायजे व्हतं, पन त्या म्हनल्या ते मागू नगासा, यादीत एक कमी पडंल.

मी गिरणीत गेले. कारकुनाला इचारलं तर त्यो म्हनला, सरकारी माल, मुंबईची सही लागंल. मी बरं म्हनलं. घरला आले, लग्नातलं हिरवं काडलं, पाळणाघरात जाऊन बारावी झोळी सोडली आन त्या जागी हिरवी बांधली. लाल रंग घिऊन बारा काडला. ह्या बारीला हात कापला न्हाई, म्हनून दोनाचं शेपूट मीच मुद्दाम वाकडं केलं. पांढरं लुगडं आक्काच्या अंगावर घातलं. त्याच्यावरचा आकडा आतल्या बाजूला घेतला.

म्हयन्यानं कारकून मोजाय आला. बाराव्या झोळीपाशी थांबला. म्हनला, हा पांढरा व्हता न्हवं?

मी म्हनलं, "सायेब, आकडा बगा."

त्यानं आकडा बगितला आन खून केली.