यादीतली पावशी

जगातली निम्मी दुःखं चुकीच्या सुरीमुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या घरासमोर राहायचा. चंद्रपुरात कोळशाच्या ट्रकना तोटा नाही आणि ट्रकखाली मोडणाऱ्या कमानींनाही, म्हणजे स्प्रिंगांनाही, नाही. त्यामुळे कमानीचे पाटे विकायचं त्यांचं दुकान बरं चालायचं आणि सगळा मोहल्ला त्यांना कमानवाले भाऊ म्हणायचा. पण पाटे विकणं हा त्यांच्या लेखी पोटासाठीचा जोडधंदा. खरं काम एकच: जंगलात मुक्कामाला जाणाऱ्या माणसासाठी अशी एक सुरी घडवायची, की दुसरं हत्यार सोबत न्यावंच लागू नये. तिनेच खुंटी तासावी, तिनेच दोर कापावा, बांबू सोलावा, चुलीसाठी लाकडाच्या बारीक चिपट्या काढाव्यात आणि तिनेच कांदा चिरावा. "एक माणूस, एक सुरी. बाकी सारं वझं," असं ते म्हणत, आणि म्हणताना माझ्याकडे बघत. कारण ते वझं माझं होतं.

मी मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि दर हिवाळ्यात मुलींना जंगलात शिबिराला न्यायचे. कधी चिमूरकडे, कधी जिवतीच्या डोंगरात, एकदा पार भामरागडपर्यंत. मला याद्या केल्याशिवाय सुचत नाही. सामानाची यादी मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवत असे, आणि त्यात 'हत्यारं' असं एक वेगळं सदर होतं: लहान कुऱ्हाड, कोयता, विळा, करवत, कात्री, सुरी, पावशी. विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात. भाऊ एकदा दिवाळीच्या फराळाला आले, चिवडा हातात घेऊन दारापाशी उभ्याउभ्या ती यादी वाचली, आणि डॉक्टरने रोग्याचा रिपोर्ट वाचावा तसा त्यांचा चेहरा झाला. "बाई, हे शिबिर आहे का लढाई? मले थोडे दिवस द्या. ही सारी लाइन मी खतम करतो." त्या दिवसापासून माझ्या यादीतली नावं खोडणं हे त्यांच्या जन्माचं ध्येय होऊन बसलं.

सुरीखेरीज त्यांना काही दिसतच नसे. लग्नाच्या पंगतीला बोलावलं की नवरानवरीच्या आधी ते आचाऱ्याला भेटायला जायचे, त्याच्या सुऱ्यांवर अंगठा फिरवून बघायचे आणि जेवताना शेजारच्याला हळूच सांगायचे, "भाजी संभाळून खा, कापली नाई, फाडली आहे." त्यांच्या पोटात गळू झालं तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढता चढता त्यांनी डॉक्टरांना पातं कुठल्या पोलादाचं आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत झोप लागली याची हळहळ त्यांना कायम राहिली. मुलीचं स्थळ बघायला मंडळी आली, तर चहा यायच्या आधी यांनी त्या मुलासमोर एक ऊस आणि एक सुरी ठेवली. मुलगा घामाघूम होऊन ऊस तासतोय, त्याचे वडील बघतायत, आणि आतून त्यांच्या बायकोचा, आमच्या भाभींचा, आवाज: "अजी, दामाद पाहून राह्यले का रसवंतीवाला?" भाऊंनी मात्र निकाल दिला, "अंगठा भरोशाचा आहे पोराचा." लग्न झालं. संसार उत्तम चालला आहे. त्याचं सगळं श्रेय भाऊ अंगठ्याला देत.

घरी आलेल्या माणसाला ते कणकेचा गोळा दाबायला लावत. सुरीच्या मुठीचा आकार कसा असावा हे कळण्यासाठी त्यांना जगातल्या सगळ्या हातांचे ठसे हवे होते. भाभींनी एक दिवस जाहीर केलं, "पाहुण्यायच्या हाताच्या कणकेची रोटी मी घरच्यायले वाढणार नाई." मग भाऊ चिकणमातीवर आले. दुकानात स्पेअर पार्टच्या खोक्यांच्या वर एका फळीवर वाळलेल्या मातीच्या मुठी ओळीने मांडलेल्या असत: पोस्टमनची, मौलवीसाहेबांची, दूधवाल्याची, माझी. आणि हे सगळं चालू असताना भाभींचं एकच पालुपद असायचं: "घरात लिंबू कापाले धारेची सुरी नाई, आन हे चालले जंगलाले सुरी द्याले."

सुरी घडवताना त्यांचे दोन कायदे असत. पहिला, लोखंड ट्रकच्या कमानीचंच. "ज्यानं उभ्या जिंदगीत खड्डे सोसले, ते बटाट्यापुढे हार मानंन का?" दुसरा कायदा त्याहून कडक: सुरी एकसंध पाहिजे. पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत एकच लोखंड. दुमडणाऱ्या सुरीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "सुरीत जोड आला की बेइमानी आली," असं म्हणून ते बाजारातल्या घडीच्या चाकूकडे पाठ फिरवत. तयार सुरी ते कधी हातात देत नसत. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं, म्हणून माझ्या ओट्यावर ठेवत आणि दोन पावलं मागे सरून म्हणत, "उचला बाई."

पहिली सुरी त्यांनी पार्ट गुंडाळून आलेल्या एका विदेशी मासिकाच्या कागदावरून केली. पाठीला करवतीचे दाते, मुठीत आगकाड्या ठेवायची पोकळी आणि मुठीच्या बुडाला होकायंत्र. आम्ही ती चिमूरकडच्या शिबिरात नेली. मुलींना दिशा दाखवायला मी ते होकायंत्र समोर धरलं, तर सूर्य मावळतीला आणि यंत्राची उत्तरही मावळतीला. सुरी फिरवली तशी उत्तरही फिरली. परत आल्यावर भाऊंना सांगितलं, तेव्हा ते कपाळाला हात लावून हसले. एवढं कमानीचं लोखंड शेजारी असताना सुई दुसरीकडे बघणार कशी? ते होकायंत्र अगदी भाऊंसारखंच होतं. पृथ्वीवर कुठेही न्या, ते सुरीकडेच बघणार.

दुसरी सुरी इतकी दणदणीत झाली की तिच्याबरोबर ते स्वतःच भामरागडच्या शिबिराला आले. वाटेत नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. शिपायाने सामानाचं पोतं उघडलं, ती सुरी वर काढली आणि विचारलं, "बाई, हा चाकू काऊन नेऊन राह्यले?" मी यादी पुढे केली, माझ्या यादीत तिची नोंद होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण 'चाकू' हा शब्द भाऊंना लागला. ते खाली उतरले आणि चाकू आणि सुरी यांतला फरक सांगू लागले. मग तापलेलं पोलाद पाण्यात थंड करणं आणि तेलात थंड करणं यांतला फरक झाला. मग त्यांनी रस्त्याकडेची ओली माती उचलून शिपायाच्या हातात दिली आणि म्हणाले, "दाबा." शेवटी तो बिचारा मातीचा हात पुसत मला म्हणाला, "बाई, सुरी इथी ठेवली तं चालंन, पण यायले घेऊन जा." सुरीही सुटली, भाऊही सुटले.

त्या शिबिरात भाऊंचा खरा पराभव झाला, आणि तो केला आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी. त्या मूळच्या जिवतीकडच्या, शिबिराला नेहमी माझ्यासोबत येत, आणि त्यांच्या जिभेलाही चांगलीच धार होती. भाऊंनी सुरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग भाऊंकडे बघितलं. "हे कोहळं कापाले आहे का वाघ माराले?" असं म्हणून त्यांनी आपली पावशी ओढली, पाटावर पाय ठेवला आणि कोहळ्याच्या फोडी धडाधडा पातेल्यात पडू लागल्या. भाऊ समोर उकिडवे बसून बघत होते. "पण सुरीनं काऊन नाई कापत तुम्ही?" "सुरी हालते, भाऊ. मी हालणाऱ्या वस्तूच्या भरोशावर नाई राहत. पावशी कशी, बसून राह्यते, आन भाजी तिच्याकडे येते." भाऊ म्हणाले, "म्हणजे जंगलात माणसानं पाट घेऊन फिराचं?" "मी फिरतो ना," बाई म्हणाल्या, "तुम्ही जेवता ना."

पुढची काही वर्षं भाऊ पावशीशी लढत राहिले. बाकीची यादी हळूहळू हरली, हे मी कबूल करते. कोयता गेला, विळा गेला, कात्री आणि करवत गेली. पुढे एक सुरी अशी साधली की दगडाने ठोकून तिने लाकूडही फोडता येऊ लागलं, आणि ज्या दिवशी मी कुऱ्हाडीवर रेघ मारली त्या दिवशी भाऊंनी माझ्याकडून ते पेन मागून नेलं. राहिली पावशी. दर वर्षी नवी सुरी ओट्यावर यायची, दर वर्षी बाई तिला नाक मुरडायच्या, आणि दर वर्षी मी शेवटच्या ओळीत 'पावशी' लिहायचे. भाऊ दाराशी उभे राहून ते वाचत आणि जुन्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसं पुटपुटत, "आहे अजून."

मग एका पावसाळ्यात शाळेच्या नळापाशी मी शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, वेळ लागेल, पूर्वीसारखं होईल की नाही आत्ताच सांगता येत नाही. डाव्या हाताने मी खडू धरायला शिकले, वेणीसाठी शेजारच्या मुलीला बोलवायला शिकले. पण डावा हात सुरी धरायचा आणि उजव्याला वस्तू धरून ठेवता यायची नाही. भाजीची पावशी खुंट्या आणि दोरांपुढे टिकणारी नव्हती. माझ्या शिबिराचा एक नियम होता: सगळ्यांनी सगळी कामं करायची, बाईंनीसुद्धा, म्हणजे मीसुद्धा. बसून हुकूम सोडणारी बाई मला स्वतःला चालली नसती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, यंदा राहू द्या. दुसरं कुणी न्यायला तयार नव्हतं. एकदा मोडलेलं शिबिर पुन्हा उभं राहत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना सोमवारी नक्की सांगते असं म्हणाले, आणि काय सांगायचं ते मनात ठरवून टाकलं. दारामागची यादी काढून घडी करून ठेवली.

भाऊंनी रिकामं दार बघितलं आणि आत आले. माझ्या हाताबद्दल लोक जे बोलत ते काही ते बोलले नाहीत. खिशातून मातीचा गोळा काढून म्हणाले, "डावा दाबा." मी दाबला. "आता पाय दाखवा." मी म्हटलं, "भाऊ, पाय कशाला?" "विचारू नका बाई. सोमवारच्या आधी मोठ्या म्याडमले काही सांगू नका, बस."

त्या दिवसांत दुकानातून पाटे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं परत जात होती. भाभी कुंपणापाशी येऊन मला सांगायच्या, "जेवण नाई, बोलणं नाई. घरातली माही पावशी उचलून नेली. मी आता दातानं भाजी कापू का?"

रविवारी भाऊ आले. त्यांनी ओट्यावर एक वस्तू ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. "उचला बाई." मी डाव्या हाताने उचलली. मूठ माझ्या डाव्या बोटांत अशी बसली की जणू ती तिथेच वाढली होती. पण ती रुंद होती, चपटी होती, आणि पातं जिथे मुठीला मिळतं तिथे एक जाड खिळा होता. जोड. मी भाऊंकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते.

"खाली ठेवा," ते म्हणाले. "मुठीवर पाय द्या. आता पातं वर ओढा." कट्ट असा आवाज झाला आणि पातं उभं राहिलं, धार माझ्याकडे. पायाखाली मूठ, समोर पातं: पावशी. मी डाव्या हाताने एक बटाटा त्यावर ढकलला. दोन फोडी झाल्या. एक काटकी ओढली, तिच्या चिपट्या निघाल्या. दोर ओढला, तुटला. पातं आडवं करून खटका लावला की पुन्हा ती सुरी. उजव्या हाताचं कुठेच काम नव्हतं.

"जोड टाकला भाऊ तुम्ही?" मी विचारलं.

"टाकला," ते म्हणाले. "पावशीशी समझौता केला. हरलो म्हणा पाहिजे तं." मग यादी मागून घेतली, तिची घडी उलगडली आणि घसा खाकरून म्हणाले, "एक गोष्ट आहे. जोडाच्या सुरीवर दगड घालून लाकूड फोडाचं नाई. ते कुऱ्हाडीचं काम. कुऱ्हाड परत लिहा." ज्या नावावरच्या रेघेचं पेन त्यांनी जपून ठेवलं होतं, ते नाव त्यांनी स्वतःच परत आणलं. मी कुऱ्हाड लिहिली. आणि शेवटच्या ओळीवर, वर्षानुवर्षं न हललेल्या पावशीवर, डाव्या हाताने रेघ मारली. रेघ वाकडी आली. भाऊंनी ती बराच वेळ बघितली.

शिबिर झालं. मी खुंट्या तासल्या, चिपट्या काढल्या, दोर कापले, आणि हुकूमही सोडले. दुसऱ्या दिवशी जिवतीच्या बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सरका." बसल्या, मुठीवर पाय ठेवला आणि आख्खं कोहळं कापून उठल्या.

परतल्यावर भाऊंनी हाताचं विचारलं नाही, मुलींचं विचारलं नाही. "बाई काय म्हणल्या?"

"काही नाही. बसल्या, कापलं, उठल्या."

"नाक?"

"मुरडलं नाही."

भाऊंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि समोरच्या टपरीला ओरडून सांगितलं, आज या दुकानांच्या लाइनमध्ये जो कोणी उभा असेल त्याला चहा द्या. भाभी म्हणाल्या, "आता तरी माही पावशी वापस द्या."

भाऊ गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मातीच्या मुठी भाभींनी ज्याच्या त्याला घरी नेऊन दिल्या. माझ्याकडे दोन आल्या, एक उजवी आणि एक डावी. माझी बोटं व्यायामाने हळूहळू परत आली, आता मी कुठल्याही पावशीवर सरळ बसू शकते. शिबिर दुसऱ्या, तरुण बाई नेतात, पण यादी अजून माझ्याकडूनच करून घेतात. मी ती नेटकी, क्रमाने लिहिते. शेवटच्या ओळीत न विसरता 'पावशी' लिहिते. मग पेन डाव्या हातात घेते आणि ती खोडते. रेघ अजून वाकडीच येते, आणि मी ती सरळ करायच्या भानगडीत पडत नाही.