आरशातलं खळं

"जरा थांबा, वर बघू द्या," हे आमच्या फोटोग्राफरचं ठरलेलं वाक्य. समोर पाहुणे फितीला कात्री लावून ताटकळत असायचे आणि हा गडी हात लांब करून, अंगठ्याने सूर्य झाकून आभाळ न्याहाळत असायचा. ऐन कामाच्या वेळी भलतीकडे बघणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. मला अशा माणसांचा राग येतो. त्याचा तर रोज यायचा.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आठवड्याला एका तरी कचेरीचं उद्घाटन असायचं. पाऊस मात्र सलग दोन वर्षं रुसलेला. मी तिथल्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो आणि मूळचा मुदखेडचा हा माणूस आमचा एकुलता एक फोटोग्राफर.

त्याच्या पिशवीत कॅमेऱ्यापेक्षा भंगारच जास्त. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लेन्सवर चढवला की उन्हाची तिरीप आत येत नसे. जुन्या एक्स-रेची चकती तो लेन्सला काळ्या चष्म्यासारखी लावायचा. ज्वारीने भरलेली छोटी पिशवी दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की तो हलायचा प्रश्नच नाही. दुष्काळात बायकोने ती ज्वारी दळून भाकरी केल्या, तेव्हा त्याने पिशवीत वाळू भरली.

"वाळूच बरी," तो म्हणाला. "कुणी खात न्हाई."

एकदा औशाच्या एका उद्घाटनात मंत्र्यांचं भाषण चालू असताना वावटळ आली आणि तिने मांडवच उचलला. संध्याकाळी त्याने माझ्या टेबलावर फोटो ठेवला. धुळीचा उभाच्या उभा खांब आणि त्यात गरगरणारं मांडवाचं कापड. फोटो सुंदर होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

"मंत्री कुठंयत?" मी ओरडलो.

"त्या धुळीतच हायेत की, साहेब."

"अरे, मंत्र्यांचा फोटो हवा होता!"

"मंत्री पुन्हा येतेत. असली वावटळ पुन्हा येतीय का?"

संपादकांनी माझी खरडपट्टी काढली आणि फोटो त्याच्या पाकिटात परत गेला. जाताना तो दारात थांबला. "एकच फोटो छापा, साहेब. आभाळाचा. खाली माझं नाव. मग जिंदगीभर फिती कापणारे काढत बसतो."

त्याच्या फोटोंचा आणखी एक ताप होता. ते धुवायला पाणी पुरत नसे. टँकरचं जड पाणी, तेही जेमतेम बादलीभर. फोटोवर राहिलेले थेंब वाळले की त्यांची गोल कडी उमटायची. त्या काळी फोटो जस्ताच्या ब्लॉकवरून छापत. ब्लॉकवाल्याकडे पाठवताना मी प्रत्येक फोटोच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहायचो, 'गोल डाग काढणे'. तो कुंचल्याने डाग बुजवायचा आणि मग ब्लॉक करायचा.

फाल्गुनात एका दुपारी सूर्याभोवती भलं मोठं खळं पडलं, उजेडाचं गोल कडं. आता पाऊस येणार म्हणत लोक रस्त्यावर गोळा झाले. एवढं खळं काही लेन्समध्ये मावेना. त्याने पिशवीतून ट्रकचा फुगीर आरसा काढून जमिनीवर उताणा ठेवला, आरशातल्या सूर्याच्या चकाकीवर चार आण्याचं नाणं ठेवलं आणि बाजूने त्या आरशाचाच फोटो घेतला. अख्खं खळं त्यात आलं. मी चाट पडलो.

या वेळी मी संपादकांशी भांडलो. पहिलं पान मिळवलं, खाली त्याचं नाव घातलं. तो शेजारी उभा राहून आपलं नाव पुन्हापुन्हा वाचत होता. ब्लॉकवाल्याचा माणूस घाई करत होता. मी फोटो उलटा केला आणि सवयीने निळी पेन्सिल चालवली.

सकाळच्या अंकात खळं नव्हतं. करड्या आभाळात नाण्याचा काळा गोल तेवढा होता. खाली ओळ, 'सूर्याभोवती पडलेले खळे', आणि त्याचं पूर्ण नाव.

"तुम्हीच लिहिलंत की," ब्लॉकवाला म्हणाला. "मधला गोल म्हंजी सूर्य असंल म्हून ठिवला."

कचेरीसमोरच्या हॉटेलात कुणीतरी विचारलं, "तव्याचा फोटू छापला का हो?" सगळं हॉटेल हसलं. आमचा फोटोग्राफर तिथेच चहा पीत होता.

दुपारी तो माझ्याकडे आला. मूळ फोटो त्याने ब्लॉकवाल्याकडून आणला होता. माझं अक्षर वर येईल असा तो टेबलावर ठेवला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाणी कमी पडलं, साहेब," तो म्हणाला. "माझ्या फोटूंवर डाग नसते, तर तुमी कशाला लिवलं असतं?"

"दुसरी प्रत काढ. उद्या पुन्हा छापू," मी म्हणालो. संपादकांनी ऐकलं नाही. हसं झालं तेवढं पुरे, म्हणाले. मी आणखी भांडायला हवं होतं. नाही भांडलो. इतकी वर्षं झाली, त्याची आठवण आली की मला आधी स्वतःचाच संताप येतो.

महिन्याभरात तो नांदेडला निघून गेला. अर्जाला लावायचे फोटो काढणाऱ्या एका दुकानात लागला म्हणे. मला हे दुसऱ्यांकडून कळलं.

वैशाखात एका दुपारी अचानक गारा कोसळल्या, लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. थांबल्या तेव्हा सगळी कचेरी अंगणात धावली. काळी जमीन पांढरी झाली होती.

"फोटो काढा रे!" संपादक ओरडले. "कुठंय तो?"

"नांदेडला गेला की," कुणीतरी म्हणालं.

"असा कसा गेला? काय झालं होतं?"

त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मी खाली वाकलो आणि गारा वेचू लागलो.