हापशावरची पूजा

कावेरीने सिद्धलिंगला पहिल्यांदा पाहिलं ते वडिलांच्या ओसरीवर. तो तिला बघायला आला होता आणि हैदराबादला पाहिलेल्या एका कुस्तीची हकिकत सांगत होता. कुस्ती ऐन रंगात आली तेवढ्यात पानाचं तबक आलं. तो पान लावू लागला आणि जिंकलं कोण, ते कुणालाच कळलं नाही.

लग्नानंतर तिला कळलं, की माणूसच असा आहे. केजचं किराणा दुकान वडिलोपार्जित, म्हणून टिकलं. टायपिंगचा क्लास मध्येच सुटला. गावात केबल आली तेव्हा त्याने छपरावर तबकडी बसवली आणि वर्षात भागीदाराच्या गळ्यात घातली. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात आता तेलाचे डबे होते. "आमच्या घरात सगळं निम्मं हाय," कावेरी हसत म्हणे, आणि तोही हसे. एकदा पाहुण्यांदेखत ती तसं म्हणाली. त्या वेळी तो हसला नाही.

अंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय सकाळी तो पाण्याचा थेंब घेत नसे, हे मात्र एकदाही चुकलं नव्हतं. पण त्यांच्या आळीत घरोघरी तेच होतं, त्यामुळे ते कुणी जमेला धरत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत परळीच्या एका तरुण मंडळाने रात्रभराची शर्यत ठेवली. संध्याकाळी मांजरसुंब्याहून निघायचं आणि सकाळी आठच्या आत परळी गाठायची. सिद्धलिंगने तिला न विचारता नाव दिलं. तो काही महिने पहाटे पळत होता. तेही सुटेल म्हणून ती गप्प राहिली होती.

तिचा भाऊ योगीराज टेंपो घेऊन मागे राहिला. कावेरीने टेंपोत घोंगडी, कोरडे कपडे आणि मलम ठेवलं आणि स्वतःही बसली. उसाच्या ट्रॅक्टरांच्या उजेडात सिद्धलिंगची पाठ दिसत राहिली. केज आलं तेव्हा योगीराजने टेंपो जवळ घेतला.

"दाजी, घर आलं बगा. उतरता का?"

"दुकानाचं कुलूप नीट लागलंय का तेवढं बग," सिद्धलिंग न थांबता म्हणाला.

अंबाजोगाई मागे पडली आणि परळीच्या उतारावर फटफटलं. दूर औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. कावेरीने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"उजाडलं. पूजेचं कुठं ठेवलंयस?"

तिने बाटलीचं झाकण परत लावलं.

"आणलं न्हाईस?"

"न्हाई."

"म्हंजे मी केजातच थांबणार असं धरून निगालीस तू."

त्यात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आता टेंपोत बसतील, असं तिला वाटलं. देवासाठी शर्यत सोडली म्हटल्यावर याला निम्मं कोण म्हणणार? तीसुद्धा म्हणाली नसती.

पुढे रस्त्याकडेला हापसा होता. शेजारच्या रानात मुंजाजी नावाच्या धनगराची मेंढरं बसली होती. सिद्धलिंग हापशाखाली गेला. योगीराजने हापसलं. त्या थंडीत अंघोळ करून त्याने घरी परतताना घालायचे म्हणून आणलेले कपडे घातले आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढलं.

"भस्म?" त्याने विचारलं.

"अप्पा, परळीच्या तोंडाशी येऊन भस्म मागता?" मुंजाजी म्हणाला. "थोडं थांबा, वरूनच पडंल."

कावेरी त्याच्या चुलीपाशी गेली. गाईच्या गोवऱ्यांची राख पदराने चाळून तिने तळहातावर आणली. सिद्धलिंगने लिंग डाव्या हातावर घेतलं आणि डोळे मिटले. शर्यतीतले दोन गडी उतारावरून पुढे पळत गेले. "दाजी, आवरा," योगीराज पुटपुटला. पण घरी लागतो तेवढाच वेळ त्याने इथेही घेतला.

मग पाणी पिऊन तो उठायला गेला, तर पाय उठेनात. कावेरी पुढे सरसावली.

"हात लावू नगंस. दुसऱ्याचा हात लागला की बाद."

ती तिथेच थांबली. तो हापशाच्या दांड्याला धरून उभा राहिला. पहिली काही पावलं म्हातारीसारखी पडली. मग जरा बरी पडू लागली. कावेरी टेंपोत बसली नाही. चपला हातात घेऊन मागून चालत राहिली.

परळीत पोचेतो शर्यतीची कमान उतरवली होती आणि मांडववाले खुर्च्या रचत होते.

"आठ वाजून गेले, काका. वेळ संपली," मंडळाचा कार्यकर्ता म्हणाला.

"वेळ संपू द्या," कावेरी म्हणाली. "रेघ कुठं हुती ती दावा."

फक्कीची रेघ पायांनी पुसून गेली होती. कार्यकर्त्याने अंदाजाने बोट दाखवलं. सिद्धलिंग थांबला, जागा नीट पाहिली आणि तिथून चार पावलं पुढे जाऊन खाली बसला. कावेरी त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पायांना मलम लावू लागली.

आता सिद्धलिंग सत्तरीला टेकला आहे. दुकान आता निम्मं-निम्मं: सकाळी कावेरी बसते, दुपारनंतर तो.