बोट सापडली, व्हिडिओ पाहा

आमच्या आत्याचे जावई पनवेलला नोकरी करतात आणि माणसांना फसवायची त्यांना भारी हौस. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते लिंक टाकायचे. वर लिहिलेलं असायचं, 'मुरुडला देवमासा लागला, लवकर बघा.' दाबलं की गॉगल घातलेलं गाढव नाचत सुटायचं, त्याच्या ओरडण्याने घर दणाणायचं. मागोमाग भावोजींचा मेसेज, 'फसलात!' मला एकदाही हसू आलं नाही. पण जावईमाणूस, त्याला बोलणार कोण?

यंदा नारळी पुनवेनंतर बाबांची बोट मासेमारीला गेली आणि वारं फिरलं. बरोबरच्या बोटी माघारी आल्या. बाबांची आली नाही, वायरलेसवरही उत्तर नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'बाबांच्या बोटीचा पत्ता लागत नाही. कुणाला काही कळलं तर लगेच सांगा.' सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. भावोजींनीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बंदरावर बसली होती, मोबाईल मुठीत धरून. आजूबाजूला बाकीच्या खलाशांच्या बायका. फोन वाजला. मी वाचून दाखवलं, 'बोट सापडली! व्हिडिओ पाहा.' खाली भावोजींचं नाव आहे हे माझ्या ध्यानात येईपर्यंत आईने बोट टेकवलं होतं. सगळ्या बायका वाकल्या. आधी समुद्र दिसला, लाटांवर एक बोट दिसली. एकीने दर्याला हात जोडले. आणि मग ते गाढव आलं.

आई बघतच राहिली. तिला वाटलं, पुढे काहीतरी असेल. गाढव नाचून थांबलं तेव्हा तिने मला विचारलं, "ह्यो काय गं? तुझा बापूस कुठं हाय यात?"

मी बाजूला जाऊन भावोजींना फोन लावला.

"अगं, सगळे टेन्शनमध्ये होते ना," ते म्हणाले. "म्हटलं, जरा मूड हलका करू."

"कुणाचा मूड? माझी आई बंदरावर बसलीय!"

"एवढं काय मनाला लावून घेतेस? मजाक होता."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एकही शब्द मागे घेणार नाही, एवढंच.

संध्याकाळी श्रीवर्धनच्या एका ओळखीच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, खरा व्हिडिओ पाठवला. इंजिन बंद पडून बाबांची बोट दक्षिणेला वाहत गेली होती, त्याच्या बोटीने ती ओढून आणली. व्हिडिओत बाबा हात हलवत होते. मी तो आईसमोर धरला, तर तिने तोंड फिरवलं. "मना न्हाय बघायचा. मना परत नको फसवू." शेवटी त्या तांडेलाच्या फोनवरून बाबांचा आवाज ऐकवला, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि रडली.

गणपतीला आत्या लेक-जावयाला घेऊन आली. भावोजी पाटावर बसले, तसेच हसतमुख. बाबांनी कौतुकाने विचारलं, "दाखव रं, काय पाठवलं व्हतंस?" त्यांनी दाखवलं. आणि बाबा हसले! खोकला लागेपर्यंत हसले. "गाढव बरा नाचतंय," म्हणाले.

माझ्या हातात मोदकांचं ताट होतं. ते मी तिथेच आपटलं. "बाबा, तुम्ही तिकडे होता. इकडे आईने काय सोसलं ते तुम्ही बघितलं नाही. हसू नका." मग भावोजींना म्हणाले, "आणि तुम्ही आईची माफी मागा. आत्ता. सगळ्यांसमोर."

आत्या ओरडली, "जावयाशी असं बोलतात?" बाबांनी मान खाली घातली. भावोजी आईकडे बघून "सॉरी हां मामी" असं पुटपुटले, तेही मोबाईल खिशात न ठेवता. आईने त्यांना वाढलं. मी वाढलं नाही.

तेव्हापासून मी त्या ग्रुपवर नाही. आत्या सगळीकडे सांगते, पोरगी शिकली आणि उद्धट झाली. सांगू दे.