टाकी बघायचा कार्यक्रम

हंसाचा नियम असा, की वस्तू घरात आणायची तर आधी तीनदा बघायला जायचं, स्थळ बघायला जातात तसं. पहिल्या खेपेला नुसतं डोळे भरून बघायचं. दुसऱ्या खेपेला विचारायचं. पाकीट उघडायचं ते तिसऱ्या खेपेला, तेही मन असलं तरच.

तिची भावजय विनिता हसायची. “ताई, मिक्सर आहे तो, नवरी नाही. ऑर्डर टाकली की दहा मिनिटांत दारात.”

“यील दहा मिन्टांत. पन मग जानार कधी?” हंसा विचारायची. विनिताच्या माळ्यावर न उघडलेली खोकी होती.

हंसा खाडीकाठच्या गावी एकटीच राहायची, वालाचे वेल आणि मोगरा बघायची. भाऊ जितेंद्र, विनिता आणि त्यांची पाचवीतली खुशी माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये. यंदा खुशीकडे वाढदिवसाचे, दिवाळीचे असे बरेच पैसे साठले होते आणि तिला माशांची टाकी हवी होती. जितेंद्र म्हणाला, “पैसे तुझे, ठरव तू. संपले की माझ्याकडे हात पसरायचा नाही.” विनिताने आपलं सांगून टाकलं, “डबे, ऑफिस आणि वर मासे, मला जमणार नाही. तुझे मासे तूच बघायचे.”

तेव्हा रविवारी आत्या-भाची निघाल्या बघायला.

फर्डिनंडचं शोभेच्या माशांचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. आत गार, अंधारं. तिथे उतरलं की रिक्षांचे हॉर्नसुद्धा पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे. कोपऱ्यात ती टाकी, निळ्या उजेडाची. लांब ओढणीसारख्या शेपटीचा एक सोनेरी मासा सावकाश वळला.

“आत्या, तो झोपेत चाललाय बघ.”

हंसाही कुठेतरी चालली होती. पुढचे आठ दिवस तिच्या वालाच्या वेलांमधून मासे पोहत होते. शेंगा तोडायला हात लावला की बाजूला सरायचे.

दुसऱ्या रविवारी खुशीने स्थळ बघायला आलेल्या थोरल्या काकांसारखा घसा खाकरला. “तर, मुलीचं खाणंपिणं कसं काय?”

फर्डिनंडने लगेच वधुपित्यासारखे हात जोडले. “खाते थोडंच, पण रोज. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. फिल्टर दिवसरात्र चालू. म्हणजे विजेचं बिल आलं.”

“स्वभाव?”

“गरीब. मात्र माहेरी जाणार नाही. एकदा मांडली की हलवायची नाही.”

“मे महिन्यात?”

“मेमध्ये तर जास्त जपायचं, बाळ. पाणी तापतं. कोण असतं घरी?”

खुशीने काढलेला काकांचा आवाज तिथेच गेला. मे महिना म्हणजे आत्याचं घर. खाडीचा वारा, अंगणातली खाट, ताडगोळे, आणि दुपारी कुणी ऊठ न म्हणणं.

तिसऱ्या रविवारी ती चर्चच्या कोपऱ्यावरच थांबली. “आत्या, नको टाकी. माझा मे महिना जाईल.”

“बरं. चल, सांगून येऊ त्यांना.”

“कशाला? एवढे प्रश्न विचारले मी. रागावतील. गेलो नाही की समजेल ना त्यांना. नाहीतर तू फोन करून सांग, कळवतो म्हणून.”

हंसा उन्हात उभी राहिली. कळवतो. किती गळ्यांतून ऐकला होता तिने हा शब्द. पान चघळत, नाकातून. पोह्यांची बशी चाटूनपुसून. एका बाईने तर गालाला हात लावून म्हटलं होतं, साखरेत घोळवून, “कळवतो हं.” मग दारात पोस्टमनची सायकल वाजली की वडील उठायचे. ते लोक सरळ नको म्हणाले असते, तर ती साडी बदलून त्याच संध्याकाळी मोगऱ्याला पाणी लावायला गेली असती. उठून उठून वडील थकले, तिने एकटीने घर मांडलं, ते चांगलंच मांडलं. पण ती वाट बघायची वर्षं कुठे गेली, हे तिला अजून सापडलेलं नव्हतं.

“खुशी,” ती म्हणाली, “नको म्हनायला काय पैसा पडत नाय. पन सांगितलं नाय, तर खर्च समोरच्याचा होतो.”

खुशीने चपलेने फरशी घासली. मग दोघी दुकानापाशी आल्या आणि ती एकटीच पायऱ्या उतरली. हंसा वरून ऐकत राहिली.

“अंकल, टाकी छान आहे. पण नको. मेमध्ये मी आत्याकडे असते.”

फर्डिनंडचा काच पुसणारा हात थांबला. “बरं केलंस सांगितलंस. कामणचे एक जण दोनदा विचारून गेलेत. तुमचं ठरेना, म्हणून थांबवलं होतं त्यांना.” त्याने फोन उचलला.

“त्यांना म्हणा, काचेवर टकटक करायची नाही,” खुशी म्हणाली. “आणि मी अजून थोडी बघू?”

“बघ की.”

हंसा खाली उतरली आणि तिच्या शेजारी उकिडवी बसली. सोनेरी मासा काचेपाशी येऊन थांबला.

“आत्या, तो तुला बघतोय.”

“बघू दे,” हंसा म्हणाली.