पासपोर्टकाका आणि एकोणीस नंबरचा चौकोन

पासपोर्टकाका मूळचे समुद्राचे नव्हेतच. बाजारामागच्या गल्लीत त्यांचा आणि बायकोचा फोटो स्टुडिओ: एक स्टूल, एक पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. "हनुवटी वर, हसू नका," एवढंच बोलून त्यांनी निम्म्या गावाचे ओळखपत्रांचे फोटो काढले होते. चाळिशीत कंबर धरली, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि पोहता पोहता गडी पाठीवर टाकी बांधून बुडी मारायलाच शिकला. पुढे समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका पथकाला पाण्याखाली फोटो काढणारा हवा होता. काका तिथे गेले ते तिथलेच झाले.

काम मोठं रंजक होतं असं नाही. प्रवाळाच्या खडकावर खिळे ठोकून चाळीस चौकोन आखले होते. दर वर्षी प्रत्येक चौकोनाचा, तेवढ्याच उंचीवरून, सरळ खाली बघत एक फोटो काढायचा. शेजारी रंगांची पट्टी ठेवायची, म्हणजे पाण्याने खाल्लेला लाल रंग नंतर भरून काढता येतो. काका प्रवाळाचेही पासपोर्ट फोटो काढतात, म्हणून बोटीवरच्या मंडळींनी त्यांचं हे नाव पाडलं.

दहाव्या वर्षी ते खाली उतरले आणि पार बुचकळ्यात पडले. नेहमीचा मातकट, तपकिरी खडक कुठे दिसेना. जिकडे तिकडे जांभळं, निळं, पोपटी काहीतरी दिवे लावल्यासारखं झगमगत होतं. वाटलं, जागा चुकली. खिळ्यावरचा बिल्ला अंगठ्याने घासून पाहिला: एकोणीस. जागा बरोबर होती. मग कॅमेऱ्यावर संशय आला, पण कॅमेऱ्यावरून डोळा काढला तरी तेच. मग डोळ्यांवर संशय आला. सोबतच्या पाणबुड्याला खूण करून विचारलं, तर त्यानेही खांदे उडवले. शेवटी काकांनी विचार करणं सोडलं आणि फोटो काढले. आपल्या हातून इतकं सुंदर काही कधी निघालं नव्हतं, हे त्यांना तिथेच कळलं.

संध्याकाळी बोटीच्या केबिनमध्ये पथकाच्या प्रमुख शास्त्रज्ञ बाई फोटो बघायला बसल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण शब्दाला पक्क्या. काका शाबासकीची वाट बघत मागे उभे. बाई एकोणिसावर थांबल्या, पुढचे चार पाहिले, परत एकोणिसावर आल्या. रंग वाढवलेत का, असं त्यांनी विचारलं.

"बाई, मी गिऱ्हाईकाला गोरं करून देत नाही. खडकाला कशाला देईन?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "हे आजारी आहेत, काका."

मग त्यांनी समजावलं. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला जेवू घालतं आणि तपकिरी रंग देतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं. काही प्रवाळ पांढरे पडतात, आणि काही उन्हाचा मारा चुकवायला असे झगझगीत रंग अंगावर आणतात.

"आजारी असं दिसतं होय?" काका म्हणाले.

"तापात गाल लाल होतात ना, तसं समजा."

काकांना काही धड उमजेना. चांगला फोटो निघाला म्हणून आनंद मानावा, तर तो कशाचा? घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तरीही एकोणीस नंबर मोठा करून स्टुडिओत लावला. वाचणार का हो ते, असं तिने विचारलं. काकांना माहीत नव्हतं. येणारा जाणारा फोटोची तारीफ करी. एकदा त्यांनी एका गिऱ्हाईकाला खरं सांगून पाहिलं, तर तो माणूस त्यांच्याचकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघत राहिला. एका कॅलेंडरवाल्याला तोच फोटो हवा होता. बाई म्हणाल्या, द्या, पण खाली खरं काय ते छापायला सांगा. कॅलेंडरवाल्याने हात जोडले. भिंतीवर आजारपण कोण टांगतो, म्हणाला.

आठ महिन्यांनी पथक पुन्हा गेलं. झगमगाट संपला होता. जवळजवळ सगळे चौकोन मेले होते, त्यांच्यावर केसाळ, मळकट थर चढला होता. एकोणिसाच्या एका कोपऱ्यात मात्र हातभर तपकिरी डाग होता. हा जिवंतपणाचा तपकिरी, की मेल्यावर चढलेल्या घाणीचा? काका जवळ गेले, लांब गेले, उजेड पाडून पाहिला. नऊ वर्षं डोळ्यांखालून गेलेला रंग, आणि आज तो ओळखता येईना.

वर येऊन त्यांनी कॅमेरा बाईंच्या हातात दिला आणि स्वतः दुसरीकडे बघत बसले. बाईंनी फोटो मोठा केला. डागावर मोहरीएवढी तोंडं उघडलेली होती, भोवती केसांसारखे बारीक हात.

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "हाच त्याचा तब्येतीचा रंग."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे गेले, काका."

हसावं की रडावं, हे काकांना तेव्हाही ठरवता आलं नाही. टाकीत थोडी हवा उरली होती. बाईंची परवानगी घेऊन, सोबत्याला बरोबर घेऊन ते पुन्हा उतरले आणि त्या मळकट कोपऱ्याचे पंधरा फोटो काढून आले. अहवालाला एकच लागणार होता.