कवळीवाल्याचा राजा

माझा धाकटा भाऊ कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, हा त्यांत प्लास्टर ओततो आणि लोकांना चावता येईल असे दात बसवून देतो. काम चोख. कुणाचा कुठला दात कशानं झिजला, ठशावरून सांगेल. एवढ्यावर थांबला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

एकदा एका भंगारवाल्यानं कवळी दुरुस्त करून घेतली आणि खुशीनं एक जुनं तांब्याचं नाणं देऊन गेला. एक बाजू साफ कोरी, दुसरीवर काहीतरी उठलेलं. धाकट्यानं ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि जाहीर केलं, हा राजा. पुस्तकांत तसा राजा सापडेना, तेव्हा तो जगाला ठाऊक नसलेला राजा ठरला. घरात त्या दिवसापासून धाकट्याला महाराज म्हणू लागले. त्याला ती थट्टा वाटलीच नाही.

मग आल्यागेल्याला दर्शन सुरू झालं. आधी तेलाचं बोट, मग अंगठ्यानं खसाखसा घासणं. त्यानं रेषा उठून दिसतात म्हणे. ‘तुम्हीही फिरवा अंगठा, नाक लागतं.’ पाहुणा बिचारा घासायचा. कवळी बसवून बघायला आलेल्यांचं तोंड भरलेलं, त्यांना तर नाही म्हणायचीही सोय नव्हती. चहा लवकर यावा म्हणून मीही घासलं आहे. नाणं जसजसं सपाट होत गेलं, तसतसा राजा वाढत गेला. आधी नुसतं नाक होतं. पुढे दाढी आली, मुकुटावर तुरा आला. नाणं शर्टाच्या बटणासारखं गुळगुळीत झालं तोवर स्वभावही कळला होता. राजा दयाळू होता, पण तापट.

महाराजांची आता एकच इच्छा उरली होती. नाणं संग्रहालयात लागावं आणि खाली आपलं नाव असावं. बऱ्याच आर्जवांनंतर तिथल्या नाणेतज्ज्ञ बाई घरी आल्या. महाराजांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी नाणं तोललं, मोजलं, बाजूनं बॅटरीचा तिरपा उजेड टाकून पाहिलं.

“नाणं खरंच प्राचीन आहे,” त्या म्हणाल्या. “पण यावर काही उरलेलं नाही. कुणाचं, ते सांगता येणार नाही.”

“म्हणजे अज्ञात राजा.”

“म्हणजे पुसलेलं नाणं. मिळालं तेव्हाही असंच होतं?”

“जसंच्या तसं,” महाराज म्हणाले आणि अंगठा मुठीत घेतला.

भावजय उठली. फळीवर लोकांचे जबडे ओळीनं मांडलेले असतात, त्यांच्यामागून तिनं प्लास्टरची एक गोल चकती आणली. नाणं आलं त्याच दिवशी, घासायच्या आधी, महाराजांनी हाताच्या सवयीनं त्याचाही ठसा काढून ठेवला होता आणि विसरून गेले होते. ती मात्र रोज धूळ झटकत होती.

बाईंनी चकती उजेडात धरली. ठसठशीत बैल. महाराजांनी इतकी वर्षं नाणं आडवं धरलं होतं. नाक म्हणजे वशिंड, दाढी म्हणजे शिंगांसकट डोकं आणि मुकुटाचा तुरा ही शेपटी.

“तुला ठाऊक होतं?” मी भावजयीला विचारलं.

“बैल ठाऊक होता, ताई. मला वाटलं, राजा मागच्या बाजूला असेल.”

असल्या बैलांचे आमच्याकडे खणच्या खण भरलेत, नाणं नको, असं बाईंनी सांगून टाकलं. “हा ठसा मात्र द्या. इतका स्पष्ट बैल आमच्याकडे नाही. झिजलेली नाणी याच्याशी ताडून ओळखता येतील. खाली तुमचं नाव लिहू.”

महाराजांनी ठसा हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग सावकाश आडवा केला.

“पण असं धरून बघा,” ते म्हणाले आणि अंगठा हळूच वशिंडावर आला.

भावजयीनं ठसा त्यांच्या हातातून काढून बाईंच्या पिशवीत घातला.

“अहो,” ती म्हणाली, “बैलाला तरी राहू द्या.”